पिकांची आनुवंशिक विविधता व तिचे संवर्धन

एकाच पिकाच्या निरनिराळ्या वाणांत, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या स्थानिक प्रकारांत आणि त्या पिकाशी जवळचे नाते असलेल्या वन्य जातींत आनुवंशिक गुणांची जी भिन्नता आढळते, तिला त्या पिकाची आनुवंशिक विविधता असे म्हणतात. ज्या बियांतून, कंदांतून वा कलमांतून हे गुण पुढील पिढीकडे जातात, त्या सामग्रीस जननद्रव्य अशी संज्ञा आहे. रोगप्रतिकार, अवर्षण किंवा पूर सोसण्याची शक्ती, पक्वतेचा काळ, दाण्याची प्रत, चव, चाऱ्याचे उत्पन्न इ. गुण या भिन्नतेवर अवलंबून असतात. नवे वाण निर्माण करणारा वनस्पतिप्रजननतज्ञ हे गुण एकत्र आणू शकतो, त्यांची निवड करू शकतो. परंतु निवड करण्यासाठी ते मुळात कोठे तरी अस्तित्वात असावे लागतात. एखाद्या गुणाची गरज केव्हा पडेल हे बहुधा आधी सांगता येत नाही, ही या विषयातील मध्यवर्ती अडचण होय. पिकांच्या विविधतेच्या संवर्धनाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर या अडचणीच्या जाणिवेचा इतिहास आहे.

उत्पत्ती : शेतीचा प्रारंभ सु. दहा ते बारा हजार वर्षांपूर्वी झाला. रानगवतांचे दाणे पिकताच गळून पडतात आणि त्यांची उगवण एकाच वेळी होत नाही. ज्या झाडांचे दाणे कणसातच राहत, तीच झाडे कापणीत माणसाच्या हाती येत व त्यांचेच बी पुढे पेरले जाई. अशा नकळत झालेल्या निवडीतून गहू व सातू पश्चिम आशियात, भात चीन व भारताच्या परिसरात आणि मका मेक्सिकोतील टिओसिंटे या गवतापासून माणसाळला गेला. पुढे ही पिके माणसाबरोबर निरनिराळ्या प्रदेशांत गेली. नवी माती, नवे पर्जन्यमान, नवे रोग व किडी, शिवाय खाणाऱ्यांच्या भिन्न आवडी यांच्या दाबाखाली प्रत्येक ठिकाणी त्यांचे वेगळे प्रकार तयार झाले. स्थानिक वाणाच्या एकाच शेतातील झाडे सर्व बाबतींत सारखी नसतात. त्या वाणाच्या अंगीच थोडीफार भिन्नता असते. त्यामुळे असे वाण उत्पन्नात विक्रमी नसले, तरी वाईट वर्षी त्यांतील काही झाडे तरून जातात आणि शेतकऱ्याचे बी बुडत नाही.

या निवडीमागे मोठी व्यवहारदृष्टी होती. महाराष्ट्रातील रब्बी ज्वारीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भाकरीसाठी मालदांडी, हुरड्यासाठी गूळभेंडी असे ज्वारीचे प्रकार शेतकऱ्यांनी उपयोग पाहून वेगळे राखले. भातात आंबेमोहोर व घनसाळ यांसारखे सुवासिक प्रकार एकीकडे, तर खाऱ्या पाण्यात टिकणारे किनारपट्टीवरील प्रकार दुसरीकडे, अशी विभागणी झाली. गोव्यातील खाजण जमिनींत पिकणारा कोरगूट हा भात खारेपणा सोसणाऱ्या प्रकारांपैकी प्रसिद्ध आहे. कणसे खुडताना बियाण्यासाठी उत्तम कणसे बाजूला काढणे, ती राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात जपणे आणि बियाण्याची नातलगांत देवघेव करणे ही कामे बहुतांशी घरातील स्त्रियांकडे असत. आज ज्याला जननद्रव्य म्हटले जाते, ते अशा लाखो अनामिक हातांनी घडविलेले आहे.

उगमकेंद्रांचा शोध : लागवडीतील वनस्पतींच्या मूळ स्थानांचा शास्त्रीय विचार स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदॉल यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्धतशीरपणे केला. या विचाराला प्रत्यक्ष संग्रहाची जोड रशियन शास्त्रज्ञ न्यिकलाय इव्हानव्ह्यिच व्हाव्हिलॉव्ह (१८८७–१९४३) यांनी दिली. इराण, अफगाणिस्तान, भूमध्यसागरी देश, इथिओपिया, मध्य व दक्षिण अमेरिका अशा अनेक प्रदेशांत मोहिमा काढून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बियांचे नमुने गोळा केले. पिकांची विविधता पृथ्वीवर सर्वत्र सारखी पसरलेली नसून ती काही मोजक्या, बहुधा डोंगराळ, प्रदेशांत एकवटलेली आहे, असे त्यांना आढळले. या प्रदेशांना त्यांनी पिकांची उगमकेंद्रे म्हटले आणि १९२६ मध्ये आपला सिद्धांत मांडला. चीन, भारत, मध्य आशिया, पश्चिम आशिया, भूमध्यसागरी प्रदेश, इथिओपिया, मेक्सिको व मध्य अमेरिका आणि अँडीज पर्वताचा प्रदेश ही त्यांतील प्रमुख केंद्रे होत. विविधतेचे केंद्र हेच प्रत्येक वेळी उगमाचे केंद्र असते असे नाही, हे पुढील संशोधनात दिसून आले. तथापि नव्या वाणांसाठी लागणारे गुण कोठे शोधावेत, याचा पहिला विश्वसनीय नकाशा व्हाव्हिलॉव्ह यांनीच दिला.

या संग्रहाचा पुढील इतिहास करुण आहे. आनुवंशिकीचे सिद्धांत नाकारणाऱ्या लिसेंको यांच्या पक्षाला सोव्हिएट शासनाचा पाठिंबा मिळाला. व्हाव्हिलॉव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सराटव्ह येथील तुरुंगात उपासमारीने त्यांचा अंत झाला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता (सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४). शहरात लाखो लोक भुकेने मेले. संस्थेतील कर्मचाऱ्यांच्या ताब्यात धान्य, कडधान्ये व बटाटे यांचे नमुने होते. परंतु ते खाण्यासाठी वापरावयाचे नाहीत, असे त्यांनी ठरविले. त्यांपैकी अनेक जण उपासमारीने मृत्यू पावले. भाताच्या संग्रहाचे काम पाहणारे द्मित्री इव्हानॉव्ह हे त्यांपैकी एक होते; त्यांच्या मागे भाताचे हजारो नमुने जसेच्या तसे राहिले. व्हाव्हिलॉव्ह यांच्यावरील दोषारोप १९५५ मध्ये रद्द करण्यात आले व पुढे संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

एकजिनसीपणाचे धोके : विविधता नसल्यास काय होते, याचा धडा त्यापूर्वीच आयर्लंडमध्ये मिळाला होता. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात बटाट्याचे असंख्य प्रकार पिकत. परंतु सोळाव्या शतकात यूरोपात आले ते त्यांतील थोडेच. बटाट्याची लागवड कंदांपासून होत असल्यामुळे एका प्रकाराची सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी असतात. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील गरीब कुळांचे अन्न बव्हंशी ‘लंपर’ या एकाच प्रकारावर अवलंबून होते. १८४५ मध्ये करपा रोग यूरोपात पोहोचला व १८४६ मध्ये आयर्लंडमधील जवळजवळ सर्व पीक सडले. पुढील काही वर्षांत सु. दहा लाख लोक भूक व तापाच्या साथीने मेले आणि त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. जमीनदारी पद्धती, चालू राहिलेली धान्यनिर्यात व अपुरे शासकीय साहाय्य यांमुळे संकटाचे रूपांतर महादुष्काळात झाले, हे खरे. तथापि रोगाला संपूर्ण देशात कोठेही अडथळा झाला नाही, याचे कारण पिकाचा एकजिनसीपणा हे होते. या रोगाला प्रतिकार करणारे जीन पुढे मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या वन्य बटाट्यात सापडले.

यानंतर सव्वाशे वर्षांनी, शास्त्रीय शेतीत अग्रेसर असलेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तसाच प्रकार घडला. संकरित मक्याचे बी तयार करताना मादी झाडांचे तुरे हाताने खुडावे लागत. हा खर्च वाचविण्यासाठी नरवंध्यत्व आणणारे ‘टेक्सस’ प्रकारचे कोशिकाद्रव्य सर्वत्र वापरण्यात येऊ लागले. १९७० पर्यंत त्या देशातील मक्याच्या बहुतांश संकरित बियाण्यात ते होते. बाजारात वाणांची नावे अनेक होती. परंतु त्यांचे कोशिकाद्रव्य एकच होते. त्या वर्षी पानावरील करप्याचा एक नवा प्रकार उद्‌भवला आणि नेमके हेच कोशिकाद्रव्य त्याला बळी पडणारे निघाले. देशातील सु. १५ टक्के पीक बुडाले. दक्षिणेकडील काही भागांत नुकसान निम्म्याहून अधिक होते. बियाणे तातडीने बदलता आल्यामुळे संकट एका हंगामात आवरले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अमेरिकेतील प्रमुख पिके आनुवंशिक दृष्ट्या धोकादायक प्रमाणात एकसारखी झाली आहेत, असा निष्कर्ष काढला.

भारतात याच काळात बाजरीवर असा प्रसंग आला. बाजरीचा पहिला संकरित वाण एचबी-१ हा १९६५ मध्ये प्रसारित झाला. अमेरिकेतील टिफ्टन येथे तयार झालेला ‘टिफ्ट २३-ए’ हा नरवंध्य वाण त्याची मादी बाजू होता व त्यानंतरच्या आरंभीच्या संकरित वाणांतही तोच वापरण्यात आला. उत्पन्न झपाट्याने वाढले व १९७०–७१ मध्ये देशाचे बाजरीचे उत्पादन सु. ८० लाख टनांवर गेले. लागलीच केवडा म्हणजेच गोसावी रोगाची मोठी साथ आली. या रोगात कणसाला दाण्यांऐवजी पानांसारखी हिरवी वाढ येते. रोग व त्यापाठोपाठ आलेले अवर्षण यांमुळे उत्पादन घसरले आणि आरंभीचे संकरित वाण एकामागून एक मागे पडले. रोगप्रतिकारक सामग्रीसाठी शास्त्रज्ञांना पश्चिम आफ्रिकेकडे, म्हणजे जेथे बाजरी मुळात माणसाळली गेली त्या खंडाकडे, वळावे लागले. नायजेरियातील सामग्रीपासून तयार झालेला डब्ल्यूसी-सी७५ हा वाण १९८२ मध्ये प्रसारित झाला. टोगो देशातील स्थानिक बाजरीतून निवडलेला आयसीटीपी-८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांसाठी देण्यात आला. लवकर पिकणारा व टपोऱ्या दाण्याचा म्हणून तो लोकप्रिय झाला. त्याच्या दाण्यात लोहाचे प्रमाणही चांगले असल्याचे पुढे दिसून आले. त्यातून अधिक लोह असलेली निवड करून ‘धनशक्ती’ हा वाण महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झाला. टोगोतील ज्या शेतकऱ्यांनी ही बाजरी राखली, त्यांना यांतील कोणत्याही उपयोगाची कल्पना असणे शक्य नव्हते.

विविधतेचे मूल्य : एखाद्या वाणाचे मूल्य त्याच्या रूपावरून किंवा तत्कालीन उत्पन्नावरून ठरविता येत नाही, याचे सर्वपरिचित उदाहरण तुर्कस्तानातील एका गव्हाचे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९४८ मध्ये पूर्व तुर्कस्तानात हा नमुना गोळा केला. झाड उंच व बारीक काडीचे, सहज लोळणारे. पानावरील तांबेऱ्याला बळी पडणारे. थंडी न सोसणारे. पिठाचा पाव चांगला न होणारे. सु. पंधरा वर्षे त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९६० नंतर अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याची साथ पसरली, तेव्हा संग्रहातील नमुने तपासण्यात आले. त्या वेळी हा निकृष्ट गहू पिवळ्या तांबेऱ्याच्या चार, साध्या काणीच्या ३५ व खुज्या काणीच्या दहा प्रकारांना प्रतिकार करतो, असे आढळले. त्या भागातील गव्हाच्या सुधारणेत तो पुढे मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

भाताच्या बाबतीत फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा (स्थापना १९६०) अनुभव असाच आहे. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भातावर खुरटेपणा आणणाऱ्या एका विषाणुरोगाचा (ग्रासी स्टंट) उपद्रव वाढला. संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांपैकी ओरायझा निव्हारा या वन्य भाताच्या उत्तर प्रदेशातून आलेल्या एकाच नमुन्यात उपयुक्त प्रतिकारशक्ती आढळली. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लागवडीच्या भातात आणली. १९७६ मध्ये प्रसारित झालेला आयआर-३६ हा वाण पुढील दशकात जगात सु. १ कोटी १० लाख हेक्टरांवर लावला गेला. ओडिशातील ‘ढालपुट्टिया’ या स्थानिक भातातून निवडलेला एफआर १३-ए हा प्रकार पाण्याखाली बुडूनही सु. दोन आठवडे तग धरतो, हे बराच काळ ठाऊक होते. मात्र त्याचे उत्पन्न व दाण्याची प्रत साधारण होती. या गुणास कारणीभूत असलेला जीन २००६ मध्ये निश्चित झाला. तो ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणून तयार केलेला ‘स्वर्णा-सब १’ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला.

महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेशी निगडित असलेला ऊसही रानगवताचा ऋणी आहे. कोईमतूर येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या ऊस प्रजनन केंद्रात सी. ए. बार्बर व टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा सॅकॅरम स्पॉन्टेनियम (कास) या वन्य गवताशी संकर केला. त्यातून निघालेला को-२०५ हा वाण १९१८ मध्ये उत्तर भारतात प्रसारित झाला. कासेत साखर जवळजवळ नसते. परंतु तिचा काटकपणा, फुटवे व रोगप्रतिकार हे गुण उसात आले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना बळ देणारे को-७४० व को-८६०३२ हे वाण याच परंपरेतील होत.

विविधतेचा ऱ्हास : नव्या वाणांमुळे जुने वाण मागे पडतात, हे प्रजननतज्ञांच्या लवकर ध्यानात आले. हॅरी हार्लन (जॅक हार्लन यांचे वडील) व मार्टिनी यांनी १९३६ मध्येच सातूच्या बाबतीत याचा इशारा दिला होता. हरितक्रांतीच्या काळात ही प्रक्रिया वेगवान झाली. या क्रांतीचा पायाही स्थानिक जननद्रव्याचाच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. बुटक्या गव्हाचा गुण जपानच्या ‘नोरिन-१०’ पासून, तर बुटक्या भाताचा गुण तैवानमधील ‘डी-जिओ-वू-जेन’ या जुन्या प्रकारापासून घेण्यात आला. या वाणांनी भारताला अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यास मोठे साहाय्य केले. मात्र ज्या संपत्तीतून ते निर्माण झाले, तिलाच त्यांनी शेतांतून हुसकावले. शेतकऱ्याने अधिक उत्पन्नाचा वाण निवडणे स्वाभाविक आहे. त्याने केवळ भावी पिढ्यांसाठी कमी उत्पन्न पत्करावे, अशी अपेक्षा न्याय्य नाही. ऱ्हासाला वाण हे एकच कारण नाही. पीकपद्धतीतील बदल, पाण्याची सोय, बाजारातील एकसारख्या मालाची मागणी व आहारातील बदल हीही कारणे आहेत. महाराष्ट्रात नाचणी, वरई, राळा यांसारख्या धान्यांचे क्षेत्र घटले, तसे त्यांचे प्रकारही विरळ झाले. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास बहुतेक सर्व कापूस देशी जातींचा होता. आज त्यांचे क्षेत्र अत्यल्प आहे. अमेरिकन कापसावर पाने मुरडणारा विषाणुरोग उत्तर भारतात पसरला, तेव्हा देशी कापसाला तो होत नाही, या गोष्टीचे महत्त्व पुन्हा जाणवले.

संवर्धनाच्या पद्धती : संवर्धन दोन प्रकारे करतात. पिकाच्या मूळ स्थानाबाहेर, म्हणजे बीजपेढीत किंवा संशोधन केंद्रात, नमुने राखणे हा पहिला प्रकार होय. धान्ये, कडधान्ये व बऱ्याच भाज्यांचे बी सु. ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून हवाबंद पुड्यांत –१८° से. तापमानात ठेवल्यास दीर्घकाळ जिवंत राहते. आंबा, फणस, नारळ यांच्या बिया वाळविल्यास मरतात. त्यांचे जतन बागांच्या स्वरूपात करावे लागते. केळी, बटाटा यांसारख्या पिकांसाठी ऊतकसंवर्धन, तर काही सामग्रीसाठी –१९६° से. तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. साठविलेल्या बियांची उगवणशक्ती ठराविक काळाने तपासून, ती घटू लागल्यास बी पुन्हा पेरून ताजे करावे लागते. या कामासाठी पैसा व मनुष्यबळ सातत्याने लागते; ते खंडित झाल्यास शेतात टिकलेला वाण बीजपेढीत मरू शकतो.

आंतरराष्ट्रीय कार्य : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९६१ व १९६७ मधील परिषदांत जननद्रव्याच्या ऱ्हासाची जागतिक पातळीवर दखल घेण्यात आली, ऑटो फ्रँकेल व अर्ना बेनेट यांचा त्यांत पुढाकार होता. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती जननद्रव्य मंडळ स्थापन झाले. २०१० च्या सुमारास जगातील सु. १,७५० बीजपेढ्यांत ७४ लाख नमुने असल्याची नोंद झाली. मात्र त्यांपैकी जेमतेम एक-चतुर्थांश ते तीस टक्के नमुने परस्परांहून भिन्न असावेत, असा अंदाज होता. सर्व संग्रहांच्या राखीव प्रती ठेवण्यासाठी नॉर्वेच्या स्वालबार बेटावर गोठलेल्या डोंगरात २००८ मध्ये जागतिक बीजकोठार उघडण्यात आले. त्याची उपयुक्तता लवकरच दिसून आली. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राची बीजपेढी सिरियात आलेप्पोजवळ होती. यादवी युद्धामुळे तेथे काम करणे अशक्य झाले, तेव्हा केंद्राने २०१५ मध्ये स्वालबार येथून आपले नमुने परत घेतले व लेबानन आणि मोरोक्को येथे ते पेरून संग्रह नव्याने उभा केला. २०१७ पासून ताज्या बियांच्या प्रती पुन्हा स्वालबारला पाठविण्यात आल्या.

मालकीचा प्रश्न : विविधता मुख्यतः आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील शेतांत, तर तिच्यापासून लाभ मिळविण्याची साधने प्रामुख्याने औद्योगिक देशांत, या विषमतेमुळे मालकीचा वाद निर्माण झाला. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात जननद्रव्य हा मानवजातीचा सामाईक वारसा मानण्यात आला होता. विकसित देशांत वाणांवर खासगी हक्क मिळत असताना गरीब देशांचे स्थानिक बी मात्र सर्वांना मुक्त असावे, ही विसंगती होती. १९९२ च्या जैविक विविधता कराराने अशा संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम हक्क मान्य केला. तथापि कोणत्याही देशाची शेती केवळ स्वतःच्या जननद्रव्यावर चालू शकत नाही. म्हणून २००१ मध्ये संमत झालेल्या व २००४ पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय तहाने ६४ पिकांच्या व चारापिकांच्या गटांसाठी देवघेवीची व लाभवाटपाची सामाईक व्यवस्था केली. आता जननद्रव्याची संगणकावर साठविलेली माहितीही प्रत्यक्ष बियाइतकीच मोलाची झाली आहे. तिच्या लाभाच्या वाटपाचा प्रश्न २०२२ च्या जैवविविधता परिषदेत हाती घेण्यात आला.

भारतातील कार्य : विदेशी वनस्पतींच्या आयातीसाठी व संग्रहासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९४६ मध्ये एक विभाग सुरू झाला, हरभजन सिंग यांनी तो वाढविला. त्याचेच पुढे १९७६ मध्ये स्वतंत्र संस्थेत रूपांतर होऊन १९७७ मध्ये तिला राष्ट्रीय वनस्पती जननद्रव्य संपदा ब्यूरो हे नाव मिळाले. तिच्या राष्ट्रीय बीजपेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने आहेत. महाराष्ट्रात अकोला येथे तिचे प्रादेशिक केंद्र आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग इ. पिकांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने आहेत. भातशास्त्रज्ञ आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगढ भागातून भाताचे सु. १९ हजार नमुने गोळा केले; ते रायपूर येथे जतन केलेले आहेत. वाणसंरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने (२००१) शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व छापील नाममुद्रेविना विकण्याचा हक्क दिला. तसेच वाण जोपासणारा म्हणून त्याच्या कार्याला मान्यता दिली. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये झाला.

शेतावरील संवर्धन : बीजपेढीतील वाण ज्या दिवशी साठविला, त्या दिवसाच्या अवस्थेत थांबून राहतो. रोग, किडी व हवामान मात्र बदलत असतात. शेतात पेरले जाणारे बी या बदलांबरोबर स्वतःही बदलते. शिवाय ते कसे पेरावे, कशासाठी वापरावे, हे ज्ञानही टिकते. म्हणून वाण शेतावरच राखणे हा संवर्धनाचा दुसरा प्रकार महत्त्वाचा मानला जातो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी भात, कडधान्ये व भाज्यांच्या स्थानिक वाणांचे बी गोळा करून ते इतर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले. या कार्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री हा किताब जाहीर झाला. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये मान्यता दिलेल्या जनुककोश प्रकल्पात पिकांच्या स्थानिक वाणांचा समावेश आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ यांसारख्या उत्पादनांना मिळालेल्या भौगोलिक निर्देशांमुळे स्थानिक वाण पिकविणे किफायतशीर होण्यास साहाय्य होऊ शकते. वाण टिकण्यासाठी त्याला ग्राहक असणे आवश्यक असते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही ज्वारी अनेक दशकांनंतरही रब्बीत पेरली जाते. तिची भाकरी व कडबा यांना गिऱ्हाईक आहे आणि जमिनीतील ओलीवर ती तगते, ही त्याची कारणे होत.

हे दोन्ही प्रकार परस्परपूरक आहेत. शेतावरील वाण एका अवर्षणात किंवा एका पिढीच्या स्थलांतरात नाहीसा होऊ शकतो, तेव्हा बीजपेढी तो परत देऊ शकते. १९८० नंतर कंबोडियाला यादवीत गमावलेले शेकडो भाताचे प्रकार फिलिपीन्समधील संग्रहातून अशा प्रकारे परत मिळाले. उलट, बीजपेढीत जे कधी पोहोचलेच नाही, ते केवळ शेतातच असते. तुर्कस्तानचा निकृष्ट गहू, उत्तर प्रदेशातील रानभात, टोगोतील बाजरी आणि ओडिशातील पूर सोसणारा भात यांपैकी कशाचीही गरज ती निर्माण होण्यापूर्वी कोणी ओळखली नव्हती. वाढते तापमान व पावसाची अनियमितता यांमुळे पुढील काळात कोणत्या गुणांची निकड भासेल, हेही निश्चितपणे सांगता येत नाही. हरवलेला वाण नव्याने निर्माण करता येत नाही. म्हणून आज निरुपयोगी वाटणारे बीही राखून ठेवणे, हाच शेतीच्या भवितव्याचा सर्वांत स्वस्त विमा ठरतो.